सतरा मिनिटांचा इतिहास

माझ्या शाळेत सिमेंटचं एक मैदान होतं. दोन टोकांना दोन लोखंडी खांब आणि त्यांवर गंजलेल्या दोन कड्या. जून महिन्यात पी.टी.चे सर आम्हाला रांगेत उभं करायचे आणि नुसत्या नजरेनं निवड करायचे. उंच मुलं बास्केटबॉलला, बाकीची खो-खोला. मी दरवर्षी खो-खोला गेलो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, खो-खो मला आवडायचा. पण देवानं दिलेल्या उंचीवरून माणसाचा खेळ ठरतो, हे तेव्हा मनात पक्कं बसलं ते बसलंच.

ते पुसलं गेलं एका जपानी माणसामुळे. त्याचं नाव युता ताबुसे. उंची १७३ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट आठ इंच. आपल्या एस.टी.च्या गाडीत त्याच्या शेजारी बसलात तर तुम्ही त्याच्याकडे वळूनही बघणार नाही. ज्या लीगमध्ये खेळाडूंची सरासरी उंची साडेसहा फुटांच्या आसपास असते, त्या अमेरिकेच्या एनबीएमध्ये हा माणूस खेळला. तिथं खेळणारा तो जपानमध्ये जन्मलेला पहिला खेळाडू. किती खेळला? चार सामने. एकूण सतरा मिनिटं. एकूण गुण सात.

तुम्ही म्हणाल, सतरा मिनिटांत कसला इतिहास? इराण्याच्या हॉटेलात चहा सांगून तो येईपर्यंत तेवढा वेळ जातो. मलाही आधी तसंच वाटलं होतं. म्हणूनच ही गोष्ट जरा मागून सांगायला हवी.

बास्केटबॉल हा जगातल्या थोड्या खेळांपैकी एक आहे, ज्याची जन्मतारीख आणि जन्मगाव दोन्ही ठाऊक आहेत. डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाचे तरुण शिक्षक होते. बाहेर थंडी, मुलं आत कोंडलेली, व्यायामाला कंटाळलेली. नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि अठरा विद्यार्थ्यांच्या हाती चेंडू दिला. त्या अठरांमध्ये एक जपानी विद्यार्थी होता, इशिकावा गेन्झाबुरो. तो नुसता खेळला नाही, त्यानं त्या खेळाचं एक चित्रही काढलं. म्हणजे या खेळाच्या बारशाला जपान हजर होता. पुढं ओमोरी ह्योझो यांनी १९०८ साली टोकियोच्या वायएमसीएमध्ये हा खेळ नेला आणि तो शाळा-कॉलेजांतून पसरला.

बारशाला हजर असलेल्या घरातल्या मुलाला या खेळाच्या सगळ्यांत मोठ्या दरबारात पोचायला मात्र सुमारे एकशेतेरा वर्षं लागली.

मधल्या काळात दोन माणसं त्या दारापर्यंत गेली होती. पहिला वातारू मिसाका. हा जन्मानं अमेरिकन, युटा राज्यातल्या ऑग्डेन गावचा. आईवडील जपानहून आलेले, वडिलांचं केस कापायचं दुकान. वडील हा पोरवयात असतानाच गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या नागरिकांना आणि रहिवाशांना छावण्यांत डांबलं, त्याच काळात, १९४४ साली, पाच फूट सात इंचांचा मिसाका युटा विद्यापीठाच्या संघातून राष्ट्रीय विजेतेपद जिंकत होता. नंतर तो अमेरिकी सैन्यात गेला. तिथून त्याला पाठवलं कुठं, तर हिरोशिमाला. बाँबमधून वाचलेल्या माणसांशी बोलून त्यांच्या जबान्या टिपायच्या. आईवडिलांची भाषा बोलणाऱ्या, आईवडिलांसारख्याच दिसणाऱ्या माणसांसमोर अमेरिकी गणवेश घालून बसायचं. त्या खोलीत त्याला काय वाटलं असेल, याचा विचार करताना माझ्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्या माणसालाही शब्द सापडत नाहीत.

परत आल्यावर १९४७ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका मोठ्या अंतिम सामन्यात त्यानं केंटकीच्या नामवंत राल्फ बिअर्डला अवघ्या एका गुणावर रोखलं. न्यूयॉर्कच्या निक्स संघानं त्याला लगेच निवडलं. आजच्या एनबीएचं तेव्हा नाव वेगळं होतं, पण लीग तीच. त्या लीगमध्ये गोरा नसलेला तो पहिला खेळाडू. तीन सामने खेळला, सात गुण केले आणि त्याला घरी पाठवण्यात आलं. तो इंजिनिअर झाला, निवांत आयुष्य जगला आणि २०१९ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी गेला.

सात हा आकडा लक्षात ठेवा. मिसाकाचे सात, ताबुसेचेही सात. मधे ५७ वर्षं.

दुसरा माणूस ओकायामा यासुताका. हा उंचीच्या बाबतीत दुसरं टोक, साडेसात फुटांहून उंच. १९८१ साली गोल्डन स्टेट वॉरियर्सनं त्याला आठव्या फेरीत, १७१ व्या क्रमांकावर निवडलं. तिथं निवडला गेलेला हा पहिला जपानी. पण तो कधी खेळलाच नाही. सुमितोमो मेटल या कंपनीच्या संघातच त्याची कारकीर्द गेली. म्हणजे उंची असूनही दार उघडलं नाही. मग ज्याच्याकडे उंचीच नाही, त्यानं काय करायचं?

युता ताबुसेचा जन्म ५ ऑक्टोबर १९८० चा, योकोहामाचा. जपानी आडनावांची एक गंमत असते. ती ज्या चिन्हांनी लिहितात, त्या चिन्हांना आपापले अर्थ असतात. ताबुसे या आडनावातलं पहिलं चिन्ह शेताचं, दुसरं पहुडण्याचं. शेतात आडवा झालेला माणूस! आणि युता या नावातलं पहिलं चिन्ह शौर्याचं. एकाच नावात निवांतपणा आणि धाडस. या माणसाच्या आयुष्यात मात्र आडवं व्हायला फारशी सवड मिळाली नाही.

पंधराव्या वर्षी तो घर सोडून उत्तरेकडे, आकिता प्रांतातल्या नोशिरो गावी गेला. समुद्राकाठचं, बर्फाचं, लाकडाच्या व्यापाराचं छोटं गाव. तिथलं तांत्रिक विद्यालय बास्केटबॉलसाठी देशभर प्रसिद्ध. कोल्हापूरच्या तालमीला कुस्तीत जो मान, तो या शाळेला बास्केटबॉलमध्ये. या शाळेनं सगळ्या मिळून ५८ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यांचं तंत्रही ठरलेलं. उंच मुलं नाहीत ना? मग पळा. समोरच्याला श्वास घेऊ देऊ नका. चेंडू मिळाला की तो सावरायच्या आत पलीकडच्या बास्केटखाली पोचा.

जपानमध्ये शालेय बास्केटबॉलच्या वर्षाला तीन मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा असत. एक उन्हाळ्यात, एक शरदात, एक हिवाळ्यात. ताबुसे तिथं तीन वर्षं होता. तीन त्रिक नऊ. नऊच्या नऊ स्पर्धा नोशिरोनं जिंकल्या.

योगायोग असा, की याच काळात सगळा जपान बास्केटबॉलनं झपाटलेला होता. इनोउए ताकेहिको यांची ‘स्लॅम डंक’ ही चित्रमालिका १९९० ते १९९६ अशी सहा वर्षं साप्ताहिकातून चालली. एका उनाड, लालकेशी पोराची आणि त्याच्या शाळेच्या संघाची ती गोष्ट. मालिकेच्या शेवटी या संघासमोर एक अजिंक्य शाळा उभी ठाकते, ती नोशिरोवरूनच बेतलेली. मालिका संपली त्याच वर्षी ताबुसे नोशिरोत दाखल झाला. कागदावरची गोष्ट थांबली आणि पोरांना खरा नायक मिळाला.

एवढं यश मिळवलेल्या मुलाला जपानमध्ये कुठल्याही मोठ्या कंपनीनं डोळे झाकून घेतलं असतं. तिथले बहुतेक संघ कंपन्यांचेच. नोकरी कायमची, खेळ सोबतीला. त्यानं ती वाट तेव्हा धरली नाही. तो हवाईला गेला, ओआहू बेटावरच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या शाखेत. अमेरिकी कॉलेज-खेळातली ती दुसरी श्रेणी. तिथं नशिबानं चांगलंच खिंडीत गाठलं. पाठीच्या मणक्याचं दुखणं निघालं, शस्त्रक्रिया झाली. खेळायला मिळालं ते फार थोडं. २००२ साली तो मायदेशी परतला आणि टोयोटाच्या संघात दाखल झाला. पहिल्याच मोसमात सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान मिळाला. इथं गोष्ट संपली असती तरी ‘चांगला निघाला पोरगा’ असंच लोक म्हणाले असते.

पण टोयोटातलं आयुष्य एका वर्षात सोडून तो पुन्हा अमेरिकेला गेला. २००३ साली डॅलसच्या उन्हाळी संघात, मग डेन्व्हरच्या सराव शिबिरात. मोसम सुरू होण्याआधी डेन्व्हरनं त्याला वगळलं. तो लाँग बीच जॅम नावाच्या दुय्यम लीगमधल्या संघात खेळू लागला. एके काळचा एनबीएचा बंडखोर तारा डेनिस रॉडमन तिथं त्याचा सहकारी होता.

२००४ च्या सप्टेंबरात फीनिक्स सन्सनं त्याच्याशी करार केला. हा करार हमीचा नव्हता. म्हणजे शिबिरात या, पटलात तर ठेवू, नाही तर कधीही सोडून देऊ. दरवर्षी असे कितीतरी खेळाडू येतात आणि ऑक्टोबर संपायच्या आत सामान बांधून जातात. ताबुसे राहिला. अंतिम यादीत त्याचं नाव आलं.

इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. तेव्हा कुजबुज होती, की जपानी प्रेक्षक आणि जपानी जाहिरातदार मिळावेत म्हणून त्याला घेतलंय. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये नोमो, इचिरो, मात्सुई यांनी आधीच धुमाकूळ घातला होता आणि त्यांच्या मागोमाग जपानी पत्रकारांचे तांडे तिथं पोचले होते. धंद्याचा हिशेब कुणाच्याच मनात नसेल, असं मी म्हणणार नाही. पण धंद्याला घेतलेला माणूस मैदानावर तोंडघशी पडतो, तेव्हा हजारो लोकांसमोर तोच पडतो, हिशेब मांडणारे नाही. ती जोखीम एकट्या ताबुसेची होती.

३ नोव्हेंबर २००४. मोसमातला पहिला सामना, फीनिक्समध्ये, अटलांटा हॉक्सविरुद्ध. सन्स मोठ्या फरकानं पुढं होते. शेवटी ११२ विरुद्ध ८२ असा विजय झाला. सामन्याचा निकाल लागल्यात जमा झाल्यावर एक नंबरची बनियन घातलेला ताबुसे आत आला. दहा मिनिटं खेळला. एक बास्केट तीन गुणांच्या रेषेबाहेरून आणि चार फ्री थ्रो. तीन आणि चार, सात.

त्यानंतर तीन सामन्यांत त्याला मिळाली मिळून सात मिनिटं. गुण एकही नाही. त्याच्या जागी खेळत होता स्टीव्ह नॅश, जो त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आदल्या वर्षी २९ सामने जिंकणाऱ्या सन्सनं त्या वर्षी ६२ जिंकले. ज्या शेतात एवढं पीक उभं होतं, तिथं बांधावरच्या रोपट्याकडे बघायला सवड कुणाला? १८ डिसेंबरला सन्सनं त्याला सोडून दिलं. अवघे दीड महिने.

मिसाकाची गोष्ट इथंच संपली होती. ताबुसेची संपली नाही. २००५ ला तो लॉस एंजेलिस क्लिपर्सच्या शिबिरात गेला, तिथंही वगळला गेला. मग एनबीएच्या पोरक्या भावंडासारखी असलेली विकास लीग. आल्बुकर्की, बेकर्सफील्ड, अनाहाइम. तीन मोसम, तीन गावं. पगार तुटपुंजा, प्रवास लांबचे, प्रेक्षक मोजके, आणि रोज सकाळी एकच आशा, की आज वरून फोन येईल. तो फोन आला नाही. २००८ साली, २७ वर्षांचा असताना, तो जपानला परतला.

आणि परत आला तो कुठं? तोचिगी ब्रेक्स या संघात. टोकियोच्या उत्तरेला शंभर किलोमीटरवर उत्सुनोमिया नावाचं शहर आहे, तिथला हा संघ. तो स्थापन होऊन एकच वर्ष झालं होतं आणि खालच्या श्रेणीतून नुकताच वर आला होता. आपल्याकडच्या हिशेबानं, मुंबईत नाव काढलेल्या माणसानं तालुक्याच्या नव्या कॉलेजात जाऊन नोकरी धरावी, तसं हे. दोन वर्षांत, २०१० साली, हा संघ राष्ट्रीय विजेता झाला.

मित्रहो, माझ्या मते ताबुसेच्या कारकिर्दीचा खरा भाग इथून सुरू होतो, आणि तो जपानी बास्केटबॉलच्या सर्वांत वाईट काळातून जातो. त्या देशात तेव्हा दोन लीग होत्या. एक कंपन्यांच्या संघांची जुनी, दुसरी २००५ ला तिच्यातून फुटून निघालेली व्यावसायिक. दोघींचं एकमेकींशी पटेना. राष्ट्रीय संघटनेला दोघींना एका छपराखाली आणता येईना. शेवटी जागतिक संघटना फिबानं नोव्हेंबर २०१४ मध्ये जपानला निलंबित केलं. आंतरराष्ट्रीय सामने बंद. भाऊबंदकीपायी अख्खं घर गावाबाहेर बसवलं गेलं, असं आपण म्हणू.

हे घर सावरायला बोलावलं गेलं ते फुटबॉलच्या माणसाला. जपानची व्यावसायिक फुटबॉल लीग उभी करणारे कावाबुची साबुरो. २०१५ च्या जानेवारीत त्यांनी सूत्रं हाती घेतली, काही महिन्यांत दोन्ही लीग एकत्र आणल्या आणि ऑगस्टमध्ये निलंबन उठलं. २२ सप्टेंबर २०१६ ला नवी ‘बी लीग’ सुरू झाली. तिचा पहिला अंतिम सामना २७ मे २०१७ रोजी टोकियोच्या योयोगी सभागृहात झाला. तोचिगी ब्रेक्स ८५, कावासाकी ७९. विजेत्या संघाचा कर्णधार होता ३६ वर्षांचा युता ताबुसे, बनियनचा नंबर शून्य.

तेरा वर्षांपूर्वी सतरा मिनिटांत ज्याचा निकाल लावला गेला होता, त्याच्या हातात आपल्या देशाच्या नव्या लीगचा पहिला करंडक होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ताबुसेनं दार उघडलं का? वर्तमानपत्रांना असं लिहायला आवडतं. पण तारखा वेगळं सांगतात. त्याच्यानंतरचा दुसरा जपानी, वातानाबे युता, एनबीएत उतरला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये. म्हणजे चौदा वर्षांनी. बेसबॉलमध्येही असंच घडलं होतं. मुराकामी मासानोरी १९६४ साली अमेरिकेत खेळला आणि पुढचा माणूस, नोमो, पोचला १९९५ ला. एकतीस वर्षांनी. एकटा माणूस दारातून आत जाऊ शकतो, पण त्याच्यामागं काही उभं नसेल तर दार पुन्हा लागतं. ते उघडं राहायला लीग लागते, शाळा लागतात, प्रशिक्षक लागतात, भांडणं मिटवणारी माणसं लागतात.

जपाननं हे केलं. वातानाबे आणि हाचिमुरा रुई अमेरिकेच्या अव्वल श्रेणीच्या विद्यापीठांतून गेले. हाचिमुराला २०१९ साली वॉशिंग्टननं पहिल्या फेरीत नवव्या क्रमांकावर निवडलं. २०२३ च्या विश्वचषकात ओकिनावामध्ये जपाननं तीन सामने जिंकले आणि पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट मिळवलं. यजमान म्हणून मिळालेलं टोकियो सोडलं, तर १९७६ नंतर प्रथमच पुरुषांचा संघ ऑलिंपिकला पात्र ठरला होता. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कावामुरा युकी मेम्फिसकडून एनबीएत उतरला. तो बी लीगमध्ये घडलेला. त्याची उंची? ताबुसेएवढीच.

आपल्यासाठीही यात काही आहे. सिम भुल्लर हा भारतीय वंशाचा, कॅनडात जन्मलेला खेळाडू २०१५ साली सॅक्रामेंटोकडून तीन सामने खेळला. तो आपला मिसाका. त्याच वर्षी पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलसनं निवडलं, पण तो एनबीएचा सामना कधी खेळला नाही. तो आपला ओकायामा. दोघंही सात फुटांहून उंच. आपण अजून उंचीच शोधतो आहोत. आपला ताबुसे अजून यायचा आहे, आणि तो आला तर त्याच्यामागं काय उभं असेल, हा प्रश्न त्याच्या उंचीपेक्षा मोठा आहे.

२०१९ साली तोचिगी ब्रेक्सचं नाव उत्सुनोमिया ब्रेक्स झालं. २०२२ ला हा संघ पुन्हा विजेता ठरला. २०२५ च्या फेब्रुवारीत, मोसम चालू असताना, त्यांचे प्रशिक्षक केव्हिन ब्रॅसवेल यांचं निधन झालं. तरी मे महिन्यात संघानं तिसऱ्यांदा करंडक जिंकला. त्या संघाच्या यादीत ४४ वर्षांचा ताबुसे होता. ज्या गावात तो २००८ ला आला, तिथंच, सतरा वर्षं.

सतरा मिनिटं फीनिक्सला आणि सतरा वर्षं उत्सुनोमियाला. विक्रमांच्या पुस्तकात पहिली सतरा सापडतात. नोशिरोची ती शाळा २०२१ ला दुसऱ्या शाळेत विलीन झाली, तिचं जुनं नाव गेलं. पण उत्सुनोमियात आज जी पोरं चेंडू आपटत मोठी होताहेत, त्यांनी त्याला फीनिक्समध्ये कधी पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी तो घरच्या मैदानावर सगळ्यांत आधी सरावाला दिसणारा, शून्य नंबरचा, बुटका, केस पिकू लागलेला माणूस आहे. आमच्या पी.टी.च्या सरांनी त्याला नक्की खो-खोला पाठवलं असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)